सहावं कलम

कोलफॅक्सच्या दफनभूमीत शिरलं की तो स्तंभ शोधावा लागत नाही. आजूबाजूची थडगी गुडघ्याएवढी, आणि हा दोन पुरुष उंच. खाली तीन नावं कोरलेली, आणि त्यांच्याखाली मजकूर: हे वीर कोलफॅक्सच्या दंगलीत गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडले. तारीख १३ एप्रिल १८७३.

मी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा वाचलं. दगडावर लोक फुगवून लिहितात, हे आयुष्यभर बघत आलोय. आमच्या तालुक्यात तर ग्रामपंचायतीच्या मुतारीवरसुद्धा चार नावांची कोनशिला असते. पण मनात होतं ते जसंच्या तसं कोरून ठेवलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. स्तंभ उभारला १९२१ मध्ये. म्हणजे घटनेला जवळपास पन्नास वर्षं होऊन गेल्यावर, थंड डोक्यानं, वर्गणी काढून, गवंडी लावून.

मुलगी गाडीत एसी लावून बसली होती. ह्यूस्टनपासून चार तास तिनं गाडी चालवली होती आणि वाटेत दोनदा म्हणून झालं होतं, "बाबा, लुइझियानात लोक न्यू ऑर्लिन्सला जातात. तुम्हाला बरं हे गाव सापडलं." गाव म्हणजे दीड हजाराच्या आसपास वस्ती. रेड नदीचा काठ, एक कोर्ट, आणि रविवारसारखे सुनसान रस्ते. वार मंगळवार होता.

मला हे गाव एका निकालपत्रात सापडलं होतं, आणि त्याच्याही आधी, खरं तर, जोतिरावांच्या पुस्तकात. म्हणजे त्यात गावाचं नाव नाही, पण मला तरी ते तिथंच सापडलं.

जोतिराव फुल्यांची 'गुलामगिरी' आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते, आणि तिची अर्पणपत्रिकाही. अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवताना जे औदार्य, जो निरपेक्षपणा दाखवला, त्यांच्या सन्मानार्थ हे लहानसं पुस्तक. आणि माझे देशबांधव त्यांचा कित्ता गिरवून आपल्या शूद्र बांधवांना मोकळं करतील अशी आशा. शाळेत असताना गुरुजींनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि आम्हाला वाटलं होतं, वा, पुण्याच्या गंज पेठेतल्या माणसाची नजर किती लांब! नजर लांब होतीच. पुढं वकिली सुरू केल्यावर, एका पावसाळी दुपारी पक्षकार आला नाही म्हणून बार रूममध्ये बसलो असताना, प्रस्तावनेखालच्या तारखेकडे लक्ष गेलं. १ जून १८७३.

गुलामगिरी कायद्यानं गेली १८६५ मध्ये. मग १८७३ मध्ये तिकडं नेमकं काय चाललं होतं? हा प्रश्न खरं तर शाळेतच पडायला हवा होता. त्या वर्षी ईस्टरचा रविवार १३ एप्रिलला आला होता. त्यानंतर बरोब्बर सात आठवड्यांनी जोतिरावांनी प्रस्तावनेखाली सही केली.

झालं ते असं. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत पेटलेलं यादवी युद्ध संपलं, सुमारे चाळीस लाख माणसं मोकळी झाली आणि पाच वर्षांत तीन घटनादुरुस्त्या आल्या. तेराव्या दुरुस्तीनं गुलामगिरी बंद केली. चौदाव्या दुरुस्तीनं नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण दिलं. पंधराव्या दुरुस्तीनं सांगितलं की वर्णावरून मताचा हक्क नाकारता येणार नाही. या काळाला तिकडं रिकन्स्ट्रक्शन म्हणतात, पुनर्रचना. १८७० मध्ये मिसिसिपीचा हायरम रेव्हेल्स हा सिनेटमध्ये बसणारा पहिला कृष्णवर्णीय झाला. साउथ कॅरोलिनात रॉबर्ट स्मॉल्स नावाचा एक गुलाम खलाशी होता. त्यानं युद्धात शत्रूचंच जहाज तोफांसकट पळवून उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केलं होतं. पुढं राज्याची नवी घटना करायला तो बसला आणि सगळ्या मुलांना सरकारी शाळा हवी म्हणून त्यानं आग्रह धरला. ज्या घराच्या मागच्या खोपटात तो गुलाम म्हणून जन्मला, तेच घर नंतर त्यानं विकत घेतलं. असलं सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, जरा अतीच झालं.

जोतिराव लिहीत होते ते याच दिवसांत. त्यांना दिसत होतं ते खोटं नव्हतं. फक्त तो खेळ अजून संपलेला नव्हता, आणि कोलफॅक्समध्ये तो उलटा फिरायला लागला होता.

१८७२ च्या निवडणुकीत लुइझियानात गव्हर्नरपदावर दोघांनी हक्क सांगितला. त्यामुळं प्रत्येक परगण्यात दोन-दोन अधिकारी. कोलफॅक्सचं कोर्ट म्हणजे एका जुन्या मळ्याचा तबेला होता, त्यालाच कोर्ट केलं होतं. (वकिली सुरू केली त्या गावी आमचं कोर्ट धान्याच्या गोदामात भरायचं, त्यामुळं हा तपशील मला फार जवळचा वाटला.) तिथं कृष्णवर्णीय शेतकरी आपल्या बाजूचे अधिकारी टिकावेत म्हणून खंदक खणून बसले. ईस्टरच्या दिवशी घोड्यांवरून हत्यारबंद गोरे आले, बरोबर एक लहान तोफ. तबेल्याच्या छपराला आग लावली. शरण आलेल्यांना कैद केलं आणि रात्री बाहेर काढून गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा नक्की आकडा कधीच निघाला नाही. कुणी साठ म्हणतं, कुणी दीडशे. गोरे मेले तीन. त्यांचा तो स्तंभ.

आता खटला. माझा जीव यात जास्त रमतो, त्याला इलाज नाही.

१८७० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, एक अंमलबजावणीचा कायदा केला होता. त्याचं सहावं कलम असं की, नागरिकाला घटनेनं दिलेला हक्क बजावताना धाकदपटशा करण्यासाठी दोन किंवा जास्त माणसांनी संगनमत केलं तर तो गुन्हा. हे कलम घेऊन सरकारी वकील उभा राहिला. आरोप ठेवला सत्त्याण्णव जणांवर. प्रत्यक्ष खटल्याला उभे राहिले नऊ. दोषी ठरले तीन. आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही सोडलं. लेव्हाय नेल्सन नावाचा एक माणूस त्या रात्री गोळी लागूनही जिवंत राहिला होता. तो न्यायालयात येऊन साक्ष देऊन गेला होता. काही उपयोग झाला नाही.

निकालाची कारणं वाचताना हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी माणसांना नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचा खून केला तर तो राज्याच्या पोलिसांचा विषय. आणि दुसरं, आरोपपत्रात हे सगळं वर्णामुळे केलं असं कुठं म्हटलेलंच नाही! माझ्या उभ्या वकिलीत मी आरोपपत्रातल्या चुकांवर माणसं सोडवून आणलीत, त्यामुळं या युक्तिवादाची चव मला चांगलीच ठाऊक आहे. पण तोफ घेऊन कुणी कोर्टावर चालून येतं, एका रंगाची माणसं वेचून मारतं, आणि वर न्यायमूर्ती म्हणतात, कारण लिहायचं राहिलं.

पुढचं भराभर झालं. १८७७ मध्ये उत्तरेनं दक्षिणेतून हात काढून घेतला. हॉटेलं, गाड्या, नाटकगृहं सगळ्यांना खुली करणारा १८७५ चा कायदा आठ वर्षांत रद्द ठरला, कारण तेच: मालक खासगी माणूस आहे. १ नोव्हेंबर १८९० ला मिसिसिपीनं नवी राज्यघटना करून मतदानाला कर आणि वाचनाची परीक्षा लावली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला पुण्यात जोतिराव गेले. हा नुसता योगायोग, पण कॅलेंडरवर शेजारी दिसला की माणूस थबकतो. लुइझियानात १८९६ साली एक लाख तीस हजार कृष्णवर्णीयांची नावं मतदारयादीत होती. १९०४ मध्ये राहिली १,३४२.

आपल्याला मात्र शिकवलं जातं ते एकदम लिंकन, आणि मग एकदम मार्टिन ल्यूथर किंग. मध्ये शंभर वर्षांचा बोगदा. जणू काही १९५५ मध्ये माँटगोमेरीत रोझा पार्क्स बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठल्या नाहीत तेव्हा जगाला पहिल्यांदा हे सुचलं. त्यांच्याआधी नऊ महिने त्याच गावात पंधरा वर्षांची क्लॉडेट कॉल्व्हिन उठली नव्हती. १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला होमर प्लेसी ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसला होता, आणि त्याच्या खटल्यातून 'वेगळे पण समान' हा शब्दप्रयोग अमेरिकेच्या गळ्यात पडला. १८६४ मध्ये, युद्ध चालू असताना, तो जहाज पळवणारा रॉबर्ट स्मॉल्स फिलाडेल्फियात ट्रामच्या डब्यातून उतरवला गेला. त्यावर एवढा गवगवा झाला की तीन वर्षांत तिथल्या ट्राम सगळ्यांना खुल्या करणारा कायदा आला. आणि १९०० मध्ये खुद्द माँटगोमेरीतच कृष्णवर्णीयांनी ट्रामवर बहिष्कार टाकला होता. १९५५ मध्ये बसवर बहिष्कार टाकून ३८१ दिवस पायी चालणाऱ्यांपैकी एखाद्या म्हातारीनं ते लहानपणी बघितलंही असेल. चालून चालून माणसांच्या पायांना रस्ता पाठ होतो.

पण माझं म्हणणं एवढंच नाही. जुन्या चळवळीची आठवण नव्या चळवळीला बळ देते वगैरे आपण म्हणतो, सभेत बरं वाटतं ऐकायला. इथं त्यापेक्षा जास्त ठोस काहीतरी झालंय, आणि ते कागदावर आहे.

२१ जून १९६४. मिसिसिपीतलं नेशोबा परगणं. मतदार नोंदणीच्या कामाला आलेले तीन तरुण, जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर. डेप्युटी शेरीफनं त्यांना पकडलं, रात्री सोडलं, आणि वाटेत गाठून टोळीच्या हवाली केलं. त्यांचे मृतदेह सापडले एका मातीच्या बंधाऱ्याखाली, चव्वेचाळीस दिवसांनी. खून हा राज्याचा विषय. मिसिसिपी राज्य खटला भरायला तयार नाही. मग केंद्राच्या वकिलांनी काय उपसून काढलं? १८७० चं तेच सहावं कलम. नव्या संहितेत त्याचा क्रमांक बदलून २४१ झाला होता, तेवढंच. स्थानिक न्यायाधीशानं त्यातले बहुतेक आरोप काढून टाकले. प्रकरण वर गेलं आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कलम लागू आहे. पुढच्या वर्षी मिसिसिपीतल्याच ज्युरीनं अठरापैकी सात जणांना दोषी ठरवलं.

त्या निकालपत्राच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. १८७० मध्ये ही कलमं मांडताना नॉर्थ कॅरोलिनाच्या सिनेटर पूल यांनी केलेलं भाषण तिथं छापलंय. शहाण्णव वर्षांपूर्वीचं. कोलफॅक्सच्या लोकांसाठी जे कलम मोडीत काढलं होतं, ते या तीन पोरांसाठी उपयोगी पडलं. मधल्या काळात ते कुणी रद्द केलं नव्हतं. कुणी फारसं वापरलंही नव्हतं, म्हणजे ज्यांच्यासाठी केलं त्यांच्यासाठी तरी क्वचितच. फडताळात वरच्या फळीवर ठेवलेल्या तांब्याच्या हंड्यासारखं पडून होतं. पुटं चढलेलं, पण शाबूत. आणि एकटं तेच नव्हे. पोलिसानं हक्क पायदळी तुडवला तर त्याच्यावर दिवाणी दावा लावायची सोय १८७१ च्या कायद्यात होती. ती १९६१ मध्ये जागी झाली, आणि आजही अमेरिकेत पोलिसांविरुद्धचे दावे तिच्यावरच चालतात. घर विकताना वर्ण बघायचा नाही हे १८६६ च्या कायद्यात होतं. ते सर्वोच्च न्यायालयाला १९६८ मध्ये दिसलं.

किंगनी १९६३ मध्ये लिंकनच्या पुतळ्यासमोर उभं राहून वचनचिठ्ठीचा दाखला दिला होता. देशानं लिहून दिलेली चिठ्ठी, आणि कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आलेला न वटलेला चेक. भाषणातला तो भाग ऐकताना तालुक्याच्या वकिलाला हसू येतंच. आमच्या बोर्डावर निम्मी प्रकरणं १३८ ची, चेक न वटल्याची. पण उपमा म्हणून ते बोलले नव्हते. कागद खरोखरच होता.

पडून असलेल्या कलमांशी माझी जुनी ओळख आहे. नव्वदच्या दशकात एक पोरगा आला होता माझ्याकडे, बारावीचा असेल. गावातल्या सलूनमध्ये त्याचे केस कापायला नकार दिला होता, आणि यानं जाब विचारला म्हणून दोन मुस्कटात. मी त्याला घेऊन चौकीवर गेलो. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली हा सरळ दखलपात्र गुन्हा. हवालदारानं वहीत शिवीगाळ, एन.सी. असं लिहून वही फिरवली. मी कलम सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता, खरोखर कुतूहलानंच म्हणाला, "हाय व्हय असं कलम? पण ते लावतंय कोण, वकीलसाहेब?" कलम लागलं शेवटी. साक्षीदार फुटले, आरोपी सुटला. पोरानं मात्र आरोपपत्राची नक्कल मागून घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली. काय करणार त्याचं, असं मी विचारलं नाही.

जोतिरावांनी त्या पुनर्रचनेची सुरुवात बघितली. शेवट वाचला तो बाबासाहेबांनी. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले तेव्हा तिथंच विल्यम डनिंग नावाचे इतिहासाचे प्राध्यापक होते. कृष्णवर्णीयांना मताचा हक्क देणं ही कशी घोडचूक होती, हे मांडणारी एक अख्खी पठडी त्यांच्या विद्यार्थ्यांनी उभी केली. शाळेच्या पुस्तकांपर्यंत ती झिरपली. १९२१ चा तो स्तंभ याच हवेतला. बाबासाहेब मात्र त्या हवेला भुलले नाहीत. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी ही सगळी हकिकत मांडली: युद्धात कृष्णवर्णीयांचं रक्त घेतलं, घटनेत दुरुस्त्या केल्या, आणि मग त्यांना त्यांच्या जुन्या मालकांच्या ताब्यात सोडून दिलं. अस्पृश्यांना हे विसरता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागवली.

अर्पणपत्रिकेत आशा होती. बाहत्तर वर्षांनी त्याच देशाकडे बघून लिहिलेल्या पुस्तकात सावधगिरी आहे. दोघांचं चूक कुणाचंच नाही, असं माझं मत. पण घटना लिहायला मला या दोघांतला दुसरा माणूस हवा.

आणि ते आपल्या राज्यघटनेत दिसतं, म्हणजे मला तरी दिसतं. अनुच्छेद चौदामध्ये 'कायद्याचं समान संरक्षण' हे शब्द थेट अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीतले. पण तिथंच थांबलेलं नाही. पंधराव्या अनुच्छेदाचं दुसरं उपकलम काढून बघा: दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते. यातल्या कुठल्याच ठिकाणी एका नागरिकाला जातीवरून किंवा वंशावरून अडवता येणार नाही. सरकार असं अडवणार नाही, एवढंच नाही. कुणालाच अडवता येणार नाही. सतरावा अनुच्छेदही असाच, तो सरळ माणसाला लागू होतो. कोलफॅक्सच्या खटल्यात आणि १८८३ च्या निकालात ज्या भोकातून सगळं पाणी वाहून गेलं, त्या भोकावर इथं घट्ट बूच बसवलंय. लिहिणाऱ्यांच्या टेबलावर तो जुना निकाल उघडा होता, असं मी म्हणणार नाही. मला फक्त बूच दिसतं, आणि मी भोक बघून आलोय.

गावात कोर्टाच्या बाहेर पूर्वी सरकारी पाटी होती, १९५० च्या सुमाराची. तिच्यावर इथं दंगल झाली, तीन गोरे आणि दीडशे निग्रो मारले गेले, आणि दक्षिणेतला गैरकारभार संपला असं लिहिलेलं. संपला, म्हणे. ती पाटी २०२१ मध्ये काढली. घटनेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, १३ एप्रिल २०२३ ला, नवं स्मारक उभं राहिलं. काळा ग्रॅनाइट, आणि त्याच्यावर मेलेल्यांची नावं. दफनभूमीतला स्तंभ अजून तिथंच आहे. चालत गेलं तर दोन्ही एका फेरीत बघून होतात.

नव्या दगडापाशी मुलगी उतरली. उन्हानं ग्रॅनाइट एवढा तापला होता की तिनं बोट लावून चटकन मागं घेतलं. नावं ती एकेक करत वाचत गेली, मोठ्यानं नाही, ओठ हलवत, लहानपणी पाढे म्हणायची तशी. मी सावली बघून बाकावर बसलो आणि पिशवीतून समग्र वाङ्मय काढलं. साहित्य आणि संस्कृती मंडळाची जुनी प्रत, बांधणी सुटलेली, विमानात वजन जास्त भरलं म्हणून बायकोनं दोनदा बाहेर काढून ठेवलेली आणि मी दोनदा परत आत घातलेली. प्रस्तावनेचं शेवटचं पान काढलं. १ जून १८७३. तारखेच्या बाजूला समासात मी पेन्सिलीनं लिहिलं: कोलफॅक्स, १३ एप्रिल. त्याच्याखाली: कलम ६, म्हणजे २४१.

"पुस्तकात लिहिताय?" ती मागं येऊन उभी होती. "मला किती ओरडायचात."

"पेन्सिल आहे," मी म्हणालो.

"दाखवा." तिनं पुस्तक घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि २४१ च्या पुढं बारीक अक्षरात १९६७ लिहिलं. मग म्हणाली, "चला आता, अंधाराच्या आत ह्यूस्टन गाठायचंय."